सुतळीची कडी

पहाटे पावणेपाचला सिंहगड रस्ता
कुत्र्यांचा आणि दूधवाल्यांचा असतो.
धायरी फाट्यापासून एका कुत्र्यानं
माझी जबाबदारी घेतली,
मग त्याची हद्द संपली.

खडकवासल्याला भज्यांच्या टपऱ्या अजून झोपलेल्या.
खानापूरला एक चहा.
पाबे घाटाकडं बघून दुसरा.

घाटात सायकल वजन सांगायला लागते :
आधी स्वतःचं,
मग पाठीवरच्या तांदळाचं,
मग पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं, सगळं.
तिसऱ्या वळणावर उतरलो.
लाजायला समोर कुणी नव्हतं,
एका टेंपोतून शेळ्या तेवढ्या बघत गेल्या.

पूर्वी नेर्लेकर असायचा पुढं,
वळणावर थांबून घड्याळ दाखवायचा.
आता त्याचे दोन्ही गुडघे स्टीलचे,
आणि फोनवर विचारतो,
चढ तेवढाच आहे का रे?

वेल्ह्याच्या पुढं डांबर दमतं.
शेवटच्या वाडीत ठकूबाई ढेबेच्या गोठ्याला सायकल टेकवली.
'ह्येला काय वैरण घालायची?'
दरवर्षी तोच विनोद,
दरवर्षी मी तेवढाच हसतो.

पुढं दोन तास पायी.
वाळक्या कारवीतून, हिरड्याखालून उजवीकडं,
आणि वाहून गेलेला तुकडा
सरळ ढुंगणावर बसून.

ही खोली कुणाची, पक्कं कुणी सांगत नाही.
कुणी म्हणतं मोजणीवाल्यांची, कुणी जंगल खात्याची.
ठकूबाई म्हणते, 'आमच्या गुरांची.'
चार दगडी भिंती, साडेतीन पत्रे,
दाराला कुलूप नाही, सुतळी.
गुरांना सोडवता येत नाही, माणसाला येते,
एवढाच बंदोबस्त.

आत तुळईला तारेनं टांगलेला बिस्किटांचा डबा.
मीठ, अर्धी मेणबत्ती,
प्लॅस्टिकच्या पिशवीत काडेपेटी,
आणि चिठ्ठी :
'लाकडं दारामागं. जाळाल तेवढी ठेवा. र.'

नऊ वर्षं हा र.
रघू, रखमाजी, रशीद, नावं लावून पाहिली.
गाठ कधी पडली नाही.
मी थंडीत येतो, तो बहुधा दिवाळीच्या आधी.
त्याची लाकडं मांडीएवढी, एका घावात फोडलेली.
ती बघून मी माझे बँकेतले तळवे
खिशात घालायचो.

या वेळी दारामागं काटक्या.
अंगठ्याएवढ्या.
मोळ्या सुतळीनं बांधलेल्या, गाठी नीट,
पण घाव कुठंच नाही,
सगळ्या हातानं मोडलेल्या.
चिठ्ठी नवी. अक्षर तेच,
फक्त ओळ उताराला लागलेली.

भात टाकला.
काटक्या भराभर जळतात, सारखं भरवावं लागतं,
तासभर चुलीसमोरून उठता आलं नाही.
फोनला रेंज नव्हती. बरं झालं.
नेर्लेकरला काय सांगणार होतो?

सकाळी कोपऱ्यातली कुऱ्हाड घेऊन
मागच्या पडलेल्या ऐनापाशी गेलो.
सवयीनं मांडीएवढे तुकडे पाडले.
बसलो जरा.
मग तेच सगळे पुन्हा फोडले,
बारीक, आणखी बारीक,
एका मुठीत पाच मावतील असे.
कळेल त्याला? की राग येईल?

चिठ्ठीत काही लिहिलं नाही.
डबा तेवढा तारेवर
दोन वीत खाली घेतला.
उंदरांचं उंदीर बघतील.

सुतळी बांधली, उतरलो.
गोठ्यापाशी माझं हेल्मेट उलटं पडलेलं
आणि त्यात कोंबडी.
'उठवू नगंस,' ठकूबाई म्हणाली,
'अंड्यावर आलीया.'

मग ओट्यावर बसलो.
ऊन अंगण ओलांडून गेलं.
पाबे घाटात अंधार गाठणार, हे दिसत होतं.
कोंबडीनं एकदा माझ्याकडं पाहिलं
आणि पुन्हा डोळे मिटले.